पाणी सुटायच्या आधीची हाळी

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आमचं घर आळे गावचं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. वडील शाळामास्तर. ते म्हणायचे, "देव गेले तसे त्यांच्या मागोमाग भुतंही गेली. घरात तेवढीच जागा झाली." गावात कुणाच्या अंगात आलं की वडील मला मुद्दाम बघायला न्यायचे आणि परत येताना विचारायचे, काय काय दिसलं ते क्रमानं सांग... दिसलं तेवढंच सांग, वाटलं ते नको. असल्या घरात वाढलेला मी. त्यामुळे इथे भुतांच्या धाग्यावर येणारे पिंपळाचे आणि उलट्या पायांचे अनुभव वाचताना मला हसू येतं, खोटं कशाला बोलू. राग मानू नका.

पण एक गोष्ट माझ्याकडेही आहे. वडिलांच्या पद्धतीनंच सांगतो, दिसलं आणि ऐकलं तेवढं.

मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनियर होतो. काम म्हणजे इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह ॲक्च्युएटरची कंट्रोल युनिट बसवणं आणि बिघडली की दुरुस्त करणं. आता हे काय असतं? मोठ्या पाण्याच्या लाइनीवर जो व्हॉल्व्ह असतो तो पूर्वी माणूस चाक फिरवून उघडायचा. त्या चाकाच्या जागी मोटर बसवली की तो झाला ॲक्च्युएटर. आणि त्या मोटरला कधी फिर, कधी थांब हे सांगणारी पेटी म्हणजे कंट्रोल युनिट. वर लोकल-ऑफ-रिमोटचा खटका, दोन-तीन बटणं, लाल-हिरवे दिवे. व्हॉल्व्हमध्ये काही अडकलं आणि जोर जास्त लागायला लागला की ही पेटी मोटर बंद करते आणि पिवळा दिवा लावते. साधं, सरळ, शहाणं यंत्र. मला यंत्रं आवडायची ती एवढ्याचसाठी, की ती बिघडली तर त्याला कारण असतं.

माझ्याबरोबर फिटर म्हणून शांताराम भोर असायचे. ओतूरचे. मी त्यांना भोरदादा म्हणायचो, ते मला "राव" म्हणायचे आणि चिडवायचं असलं की "साहेब". त्यांच्या टूलबॉक्सला कायम लिंबू-मिरची. नवीन पॅनलला लाइट द्यायच्या आधी ते नारळ फोडल्याशिवाय राहायचे नाहीत. मी म्हणायचो, "दादा, जरा लांब फोडा, पाणी आत गेलं तर वॉरंटी जाईल." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तुमची वॉरंटी कंपनीची, माझी वरच्याची." आमचं छान जमायचं.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. एप्रिल महिना होता. तळेघरच्या बाजूला डोंगरात एक पाणीयोजना होती, वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं अजून तिथं राहतात. माथ्यावर मोठी टाकी. टाकीतून निघालेली लोखंडी लाइन उतारावरून खाली ओढ्यापर्यंत यायची आणि तिथून पुढे खालच्या गावांना जायची. लाइन एवढी जाड, की आत माणूस कोपरांवर रांगत जाऊ शकेल. एक व्हॉल्व्ह वर टाकीपाशी, दुसरा खाली ओढ्याकाठच्या चेंबरमध्ये. चेंबर म्हणजे जमिनीत बांधलेली, उतरायला लोखंडी पायऱ्या असलेली खोल चौकोनी खोली. त्याच्या जरा खाली लाइनीला ओढ्यात उघडणारं एक तोंड होतं. लाइन धुवायची किंवा रिकामी करायची असली की ते उघडायचं, सगळं पाणी ओढ्यात.

दोन्ही व्हॉल्व्हना नवीन मोटरी बसल्या होत्या. आम्हाला कंट्रोल युनिट लावून, चालू करून द्यायची होती.

वरचा व्हॉल्व्ह कित्येक वर्षं सखाराम तात्या हातानं फिरवायचे. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते टाकीजवळच्या वाडीत आपल्या घराच्या पडवीत बाजेवर पडून होते. आदल्या दिवाळीत अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नुसते डोळे फिरायचे. त्यांच्या जागी मुलगा रामदास रोजंदारीवर व्हॉल्व्ह बघत होता आणि आज ना उद्या कायम होऊ या आशेवर होता. म्हणून आमच्या मागेपुढे सारखा, ही वायर कशाची, ते बटण कशाचं. मला असली माणसं आवडतात. पहिल्याच दिवशी त्याला सगळं शिकवून टाकलं.

त्याची बायको सुमन आम्हाला दोन वेळा जेवायला घालायची. नाचणीची भाकरी, भाजी, लसणाची चटणी. बोलायला मोकळी. तात्यांच्या तोंडावरची लाळ पदरानं पुसता पुसता आमच्याशी गप्पा मारायची. तिनंच पहिल्यांदा मला हाळीबद्दल सांगितलं.

"तात्या पाणी सोडायच्या आधी कड्यावर हुबं ऱ्हाऊन हाळी द्यायचं. तीन येळा. पार ओढ्यात आवाज जायचा. आमी बाया खाली धुणं धुवत असलो तरी बिनघोर. हाळी झाली की उठायचं, तवर न्हाई."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता ह्ये देत्यात," रामदासकडे हनुवटी करून ती म्हणाली, "पन ह्यांचा आवाज म्हंजी शेळीनं खोकल्यावानी."

रामदास हसला. "आता भोंगा येनार हाये की! बटनाबरोबर भोंगा वाजनार. व्हय ना साहेब?"

भोंगा ड्रॉइंगमध्ये होता. पेटीत नव्हता. आमच्या धंद्यात असं नेहमीच होतं, पुढच्या खेपेला येतो. मी तसं त्याला सांगितलंही.

वरचं युनिट सुतासारखं सरळ चाललं. बटण दाबलं की व्हॉल्व्ह घरघरत उघडायचा. हातानं हेच काम करायला घाम निघायचा आणि बराच वेळ जायचा. त्यामुळे लाइनीत पाणी हळूहळू भरत यायचं. मोटर तेच काम बघता बघता करायची. रामदास तर टाळ्या वाजवायच्या बेतात होता. पडवीतून तात्या त्या आवाजाकडे डोळे लावून होते, असं भोरदादा म्हणाले. मी पाहिलं नाही, म्हणून ते त्यांच्या नावावर.

खालच्या व्हॉल्व्हनं मात्र दमवलं. बंद करायला गेलं की शेवटी शेवटी थांबायचा आणि पिवळा दिवा. मी फेज बदलून पाहिले, स्विच तपासले, कार्ड बदललं... पेटी खोटं बोलत नव्हती. आत खरंच काहीतरी अडत होतं. शेवटी भोरदादा म्हणाले, "राव, दगुड बसलाय तोंडात. आत जावं लागंल."

आत म्हणजे लाइनीच्या आत. चेंबरमध्ये व्हॉल्व्हच्या वरच्या अंगाला पाइपाला एक झाकण होतं, बोल्ट काढले की माणूस आत सरकू शकेल असं. त्यासाठी वरचा व्हॉल्व्ह बंद करून, ओढ्यातलं तोंड उघडून लाइन पूर्ण रिकामी करायची.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. कुणी लाइनीत उतरणार असेल तर वरच्या पॅनलमधले किटकॅट, म्हणजे हातानं काढता येणारे चिनी मातीचे फ्यूज, उपसायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. बोर्ड लावत बसू नका, कुणाला समजावत बसू नका. फ्यूज तुमच्या खिशात, म्हणजे लाइट तुमच्या खिशात. मी सकाळी वर जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, किटकॅट उपसून खिशात टाकले आणि रामदासला बजावलं, "आम्ही लाइनीत उतरणार आहोत. काम उरकलं की मीच वर येऊन फ्यूज लावतो आणि मग जेवतो. तोवर हात लावायचा नाही."

"न्हाई लावत साहेब. पन लवकर करा. खालच्या गावांस्नी पानी न्हाई, माझ्या नावानं शिमगा चाललाय."

सुमन दारातच होती. "जेवाय वरच या," ती म्हणाली. "काम झाल्यावर गरम भाकरी टाकते."

झाकणाचे बोल्ट गंजून दगड झाले होते. रॉकेल सोडलं, ठोकलं, एक तर कापावाच लागला. दुपार टळून गेली तरी आम्ही तिथंच. भूक लागून लागून मेली. आणि एवढ्यात बघतो तर सुमन वहिनी डोक्यावर पाटी घेऊन उतारावरून येतायत.

"किती येळ उपाशी ऱ्हानार? काम काय पळून जातंय व्हय?"

भोरदादांनी तिथल्या तिथे तिला आशीर्वाद देऊन टाकला. आम्ही चेंबरच्या बाहेर हिरड्याच्या सावलीत बसून जेवलो. बोल्ट सगळे निघाले होते, आत जायचं तेवढं राहिलं होतं. ती पाटी उचलून निघाली तेव्हा मी हात धूत होतो. ती वर घरी गेली असंच मला वाटलं. आम्ही रिकामी केलेल्या लाइनीचं स्वच्छ पाणी खाली ओढ्यात डबक्यात साठलं होतं आणि तिच्या पाटीत, भाकरीच्या फडक्याखाली, घरचं धुणं होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये डोंगरात एवढं पाणी कोण वाया जाऊ देईल?

भोरदादा लाइनीत शिरले. कमरेला दोरी, हातात बॅटरी. मी चेंबरमध्येच, पाठीशी असलेल्या खालच्या युनिटचं झाकण उघडून वायरी आवळत होतो. त्यांचा आवाज पाइपातून घुमून येत होता. "हाय, हाय, दगुडच हाय... लई बेस बसलाय गडी..." मग ठोकल्याचा आवाज. मग ठोकणं थांबलं.

"राव, काय म्हणालात?"

"काही नाही."

मग एकदम दोरी सैल पडली आणि भोरदादा पाय पुढं करून, घाईघाईनं, कोपरं सोलवटत बाहेर आले. चेहरा असा, की मला वाटलं आत साप होता.

"हाळी झाली," ते म्हणाले.

"कसली हाळी?"

"तात्यांची. दोन येळा झाली. चला वर."

भोरदादा आधीही त्या लाइनीवर कामाला आलेले होते, तात्यांचा आवाज त्यांनी ऐकलेला होता. मी नव्हता ऐकला. मी वैतागलो. "दादा, तात्यांची वाचा गेलीय. सकाळीच बघून आलो आपण."

"म्हनूनच भाईर आलो," ते म्हणाले. आणि पायऱ्या चढायलाच लागले.

मी खिशावर हात मारला, किटकॅट वाजले. "लाइट माझ्या खिशात आहे!" मी ओरडलो. ते थांबले नाहीत. त्यांची बॅटरी आत जळतच राहिली होती. ती घ्यावी म्हणून मी त्या झाकणाच्या भोकातून डोकं आणि एक हात आत घातला.

आणि मी ऐकलं.

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. कानात बोलल्यासारखा नाही, लांबून, डोंगरावरून दिल्यासारखा, ताणलेला. पण शब्द स्वच्छ. "बाय सुटली होऽऽऽ... वर सराऽऽ, वर सराऽऽऽ..."

वडिलांनी शिकवलं होतं ना, काय दिसलं ते क्रमानं सांग. तर क्रम असा. आधी आवाज. मग काही क्षण काहीच नाही, बॅटरीचा उजेड पाइपाच्या गंजलेल्या पाठीवर पडलेला. मग गालावर वारा. आत वारा कुठून येणार? लोखंडाचा ओला वास. मग माझ्या हाताखाली पाइप थरथरला. मी कसा उलटा फिरलो, कसा पायऱ्या चढलो हे मला सांगता येत नाही, कारण ते मला आठवत नाही. वर भोरदादांनी बखोट धरून ओढलं. मागून झाकणाच्या भोकातून पाणी असं उसळलं की चेंबर भरून वर आलं आणि माझी उघडी पेटी, वायरी, टूलबॉक्स, सगळं त्यात गेलं.

आम्ही ओलेचिंब, एकमेकांना धरून उभे. मी नुसता खिसा चाचपत होतो. सगळे किटकॅट खिशातच होते.

मग खालून ओढ्यातून एका बाईचा आवाज आला. तो मात्र हाळीचा नव्हता.

गंगूबाई नावाची वाडीतली म्हातारी एका दरडीवर चढून बसली होती आणि खाली बोट दाखवून नुसती ओरडत होती. ओढ्यातल्या तोंडातून पाणी तोफेसारखं सुटलं होतं. आम्ही दोघं ओढ्याच्या काठानं धावलो. सुमन वहिनी वळणावरच्या खडकात अडकलेल्या सापडल्या. भोरदादांनी त्यांना बाहेर काढलं, मी छातीवर दाबलं, तोंडानं हवा भरली, शिकवलेलं सगळं केलं. डोकं मागून फुटलं होतं. काही उपयोग नव्हता आणि ते आम्हाला लगेच कळलंही होतं, तरी थांबवत नव्हतं.

तेवढ्यात उतारावरून रामदास धावत आला. आणि हे मला आजही सगळ्यात जास्त छळतं... तो हसत आला. आनंदानं. वरूनच ओरडला, "साहेब, पोचलं ना पानी?"

त्याला आमच्या पायांशी काय आहे ते लांबून दिसत नव्हतं.

नंतर सगळं जुळवलं ते असं. रामदास वर टाकीच्या कड्याशी उभा होता. तिथून त्यानं आम्हाला हिरड्याखाली जेवताना पाहिलं. सकाळी मीच म्हटलं होतं, काम उरकलं की जेवतो. सुमनही त्याच्यासमोरच म्हणाली होती, काम झाल्यावर भाकरी टाकते. काम झालं, असं त्यानं धरलं. सुमन धुणं घेऊन ओढ्यात उतरलीय, हे त्यालाही माहीत नव्हतं. साहेब दमलेत, एवढा चढ फ्यूज लावायला कशाला येतील? खाली गावं पाण्यासाठी बोंबलतायत. टाकीशेजारच्या पॅनलच्या खोलीत आमच्याच सामानातले जादाचे किटकॅट होते, ते त्यानं लावले. मी शिकवलं होतं तसा खटका लोकलवर केला आणि हिरवं बटण दाबलं. हातानं व्हॉल्व्ह फिरवायचा असता तर त्यानं आधी तिथूनच हाळी दिली असती. पण बटण आतल्या खोलीत. पहिल्यांदाच एकट्यानं दाबायचं. तो थेट आत गेला.

सुमननं आम्हाला भाकरी खाली आणून दिली नसती, तर त्यानं बटण दाबलं नसतं. एवढं सरळ आहे ते. त्यात अमानवीय काही नाही, आणि माझ्या पेटीत दोषही नव्हता. पेटीला जे सांगितलं ते तिनं केलं.

प्रश्न हाळीचा आहे.

संध्याकाळी पंचनाम्याची माणसं येईपर्यंत आम्ही गंगूबाईपाशी बसलो होतो. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती. "हाळी न्हाई झाली. हाळी झाली असती तर सुमी हलली असती. हाळी न्हाई झाली गं माझे बाय..."

भोरदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला हळूच विचारलं, "आजी, तात्या हाळी द्यायचे ती काय म्हणून द्यायचे?"

"पाण्याला तात्या बायच म्हनायचं. 'बाय सुटली हो, वर सरा,' आसं. तिसऱ्या खेपंला वर सरा दोनदा. रामदास म्हंतो नुसतं पानी सुटलं, पानी सुटलं. का वं?"

ते शब्द मला कुणी सांगितलेले नव्हते. सुमननं फक्त हाळी देतात एवढंच सांगितलं होतं. आणि मी ऐकली ती तिसरी होती.

मी शहाणपणा सोडला नाही, नंतर सगळं तपासलं. पाइपातून आवाज लांब जातो हे खरं आहे. पण वरचा व्हॉल्व्ह बंद, त्यामागं टाकी भरलेली, आणि तात्यांची पडवी लाइनीपासून बाजूला. त्यांनी समजा ओरडलंच, तरी आवाज पाइपात शिरणार कुठून? पाण्याच्या पुढं ढकललेली हवा शीळ घालते, हेही खरं. मी नंतर मुद्दाम दुसऱ्या साइटवर लाइन भरताना कान लावून ऐकलं. हवा शीळ घालते, शब्द बोलत नाही. दुसऱ्या कुणी हाळी दिली का, म्हणून वाडीत घरोघर विचारलं. तात्यांच्या पडवीला लागून असलेल्या घरात माणसं होती, त्यांनी काही ऐकलं नाही. ओढ्यात, उघड्यावर, गंगूबाईला काही ऐकू आलं नाही आणि सुमन हललीही नव्हती. भोरदादांना भास झाला म्हणावं, तर मग मला तात्यांच्याच शब्दांत कसा झाला? घाबरलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं असं म्हणाल. पण मी घाबरलेला नव्हतो हो. मी चिडलेला होतो.

दहाव्याला आम्ही दोघं परत गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं त्याहून वाईट होतं. रामदासनं डोकं भादरलं होतं. आम्हाला पाहून तो उठला, पाणी दिलं. दोष दिला नाही आणि आम्हीही त्याला दिला नाही. ते दोष देण्याच्या पलीकडचं होतं. तात्या बाजेवर होते तिथेच. आता त्यांची लाळ रामदास पुसत होता, उपरण्यानं.

भोरदादांच्या पोटात ती गोष्ट राहीना. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होतो, पण ते बोलले. तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "तात्या, तुमच्या हाळीनं आमी दोघं वाचलो."

रामदास बघतच राहिला. "कंची हाळी?"

मग सांगावंच लागलं. सगळं. मी ऐकलेले शब्दसुद्धा. संपल्यावर तो बाजेशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि तात्यांचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला.

"तात्या, तुमी दिली हाळी?"

तात्यांचे डोळे त्याच्या तोंडावर स्थिर होते.

"मी वरच व्हतो की. हाकेच्या अंतरावर. मला का न्हाई हाक मारली? मी बटन दाबलं नसतं." त्याचा आवाज चढला नाही, उलट लहान मुलासारखा बारीक झाला. "ऱ्हाऊ द्या, मला नका देऊ. ह्यांना दिली, बरं झालं, दोन घरं वाचली. पन तात्या... सुमी खाली व्हती. तुमचं धुणं व्हतं पाटीत. तिला का न्हाई वो दिली?"

भोरदादा भिंतीकडे तोंड करून रडत होते. मी मात्र तात्यांकडे बघत राहिलो, कारण बघायची सवय मला लहानपणापासून लावलेली आहे. त्यांचा डावा हात, जो चालायचा, तो उठला नाही. ओठ हलले नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटले आणि दोन्ही बाजूंनी पाणी कानापर्यंत ओघळलं.

मला त्या माणसाला किती तरी विचारायचं होतं. ते पुढे वर्षभर तसेच जगले आणि कुणालाही काही न सांगता गेले. भोरदादांच्या मते त्या डोळ्यांतलं पाणी म्हणजेच उत्तर होतं. पण अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी एरवीही येतं, घोडेगावच्या डॉक्टरांनी सुमन वहिनींना ते आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा तेही मला उत्तर म्हणून धरता येत नाही.